वखारीतला फुटबॉल

वखार उघडली की आधी आम्हा सगळ्यांना शिंका यायच्या. पत्र्याचं अवजड दार दोघी-तिघींनी मिळून ढकलायचं, आत कोंडलेला सुक्या गवताचा वास अंगावर यायचा आणि मग बराच वेळ नुसता शिंकांचा कार्यक्रम चालायचा. आमचे खेळाचे वझे सर दारात छत्री झटकत म्हणायचे, "शिंकून घ्या, शिंकून घ्या, मग पळा." ती वखार स्टेशनच्या पूर्वेला, रुळांच्या कडेला होती. थंडीत तळासरीकडच्या माळांवर कापलेलं गवत तिथे गाठी बांधून छपरापर्यंत रचलेलं असायचं. ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. उन्हाळा संपता संपता शेवटची गाठ ट्रकवर चढायची आणि पावसाळाभर वखार रिकामी पडायची. शाळेचं मैदान त्याच महिन्यांत पाण्याखाली असायचं, म्हणजे भातच लावून घ्यावा असं. तेव्हा फुटबॉल खेळायचा तर वखारीत, नाहीतर घरी बसून.

वखार मिळाली बाबांमुळे, आणि ही गोष्ट बाबांनी कोणाला विसरू दिली नाही. बाबा डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. चिकूच्या करंड्या उत्तरेकडच्या गाड्यांत चढवून द्यायचं काम त्यांच्याकडे, त्यामुळे झाडून सगळे वाडीवाले आणि व्यापारी त्यांच्या ओळखीचे. वखारीचे शेठ त्यांतलेच. "शेठ, चार महिने रिकामी वखार उंदरांना देता, त्यापेक्षा आमच्या पोरींना द्या," असं बाबा म्हणाले आणि शेठ हसून हो म्हणाले, एवढीच ती हकिकत. पण बाबांनी ती रेल्वे कॉलनीत इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेठ वखार देत नव्हते आणि बाबांनी त्यांना दोन तास पटवलं असं तिचं रूप झालं. किल्ली आमच्या क्वार्टरच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची. आला-गेला तिच्याकडे बघून विचारायचाच, आणि बाबांना तेवढंच हवं असायचं.

मुली फुटबॉल खेळणार म्हणून आधी आईने डोक्याला हात लावला होता. फुटबॉलला तिची हरकत नव्हती, हरकत हाफपँटला होती. "दार लावून खेळणार असाल तर खेळा," एवढं ती म्हणाली, आणि बाकीच्या घरांतूनही साधारण तेच उत्तर आलं. म्हणून वखारीचं दार आतून लावलेलं असायचं. आज मला वाटतं, त्या चार भिंतींनी आम्हाला पहिली गोष्ट दिली ती हीच, की कोणी बघत नव्हतं. पडलो, चुकलो, बॉल पायाऐवजी नाकावर घेतला, तरी हसणाऱ्या आमच्या आम्हीच. बाहेरच्या मैदानावर कडेला बसून टिंगल करणारी मुलं असती तर आमच्यातल्या निम्म्या आठवड्याभरात घरी बसल्या असत्या.

खेळण्याची तऱ्हाही तिथली वेगळी होती. खाली सिमेंटचा कोबा, तोही जागोजागी गुळगुळीत झालेला, त्यामुळे बॉल पायाला चिकटवून ठेवायला शिकावंच लागायचं. जागा लहान, म्हणून विचार करायला वेळ नाही. बॉल आला की गेला. पत्र्यावर पाऊस धो धो वाजायला लागला की सरांची शिट्टी सरांनासुद्धा ऐकू यायची नाही, मग बाबांनी स्टेशनातल्या फाटक्या, टाकून दिलेल्या हिरव्या-लाल झेंड्या त्यांना आणून दिल्या. लाल दिसली की थांबायचं, हिरवी दिसली की सुटायचं. त्यामुळे आम्ही मान वर ठेवून खेळायला शिकलो. आणि भिंत. सर म्हणायचे, "कोणी मोकळं दिसत नसेल तर भिंत मोकळी आहे." समोरची अंगावर आली की बॉल तिरका भिंतीवर मारायचा, आपण तिच्या दुसऱ्या बाजूने धावायचं, बॉल भिंतीवरून परत येऊन बरोबर पायात पडायचा. यात माझा हात कोणी धरू शकायचं नाही. कुठल्या कोनात मारला की कुठे येईल हे मला डोळे मिटून कळायचं. विटांतली एक थोडी पुढे आलेली होती, तिच्यावर बॉल लागला तर कसा उडतो हेही मला पाठ होतं. त्या वखारीत मी राणी होते, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही, कारण पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

माझ्या अगदी उलट जयवंती. जयू तळासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची, वारल्यांची, शिकायला डहाणूच्या मुलींच्या वसतिगृहात राहिलेली. भात कापून झालेल्या शेतांत, धसकटांत, अनवाणी खेळून तिचे पाय तयार झालेले. वखारीत तिचा जीव रमायचा नाही. "हिथं वारा नाय, काय नाय. मना कोंडल्यासारखा होतंय," ती म्हणायची, आणि एक लाथ अशी मारायची की बॉल थेट पत्र्यावर. सर ओरडायचे, "जयू, छप्पर शेठचं आहे!" भिंतीचा खेळ तिला कधी जमला नाही. मी तिला शिकवायला जायचे, थोडी शिष्टपणेच. पाऊस उघडेपर्यंत तिचं बॉल अडवणं मात्र चांगलं सुधारलं, पाय हलके झाले. एवढं तिने वखारीतून घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं.

घरी बाबांच्या डोक्यात एकच विषय. शहरातल्या एका निवासी क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडायला पाऊस संपल्यावर तळासरीला सामने होणार होते. तिथे निवड झाली की राहणं, खाणं, शाळा, शिकवणारे, सगळं आलं. बाबांनी मला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. दार बंद आणि त्यांची ड्यूटी, दोन्हींमुळे. त्यांनी पाहिलं होतं ते मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कापडी चेंडू मारते आणि आई लाटणं घेऊन मागे लागते एवढंच. पण सर एकदा म्हणाले, "राऊतसाहेब, पोरीच्या पायात जादू आहे," आणि त्या एका वाक्यावर बाबांनी अख्खी कॉलनी डोक्यावर घेतली. संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढ्यात घेऊन ते मलाच माझ्याबद्दल सांगायचे. डागी चिकू घरी आले की सगळ्यांत गोड माझ्या ताटात. "खेळाडूला लागतं," म्हणायचे. आई म्हणायची, "अहो, आधी निवड तर होऊ दे." बाबा ऐकतील तर शपथ. त्यांनी वलसाडच्या साहेबांनाही सांगून टाकलं. हे साहेब बाबांच्या वरचे, तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेले, मोठे हौशी. ते म्हणाले, "राऊतभाई, तळासरी तो अमारे रस्त्यातच. मी येणार बघायला."

सामन्याच्या दिवशी आम्ही जीपमध्ये कोंबून गेलो. विवळवेढ्याच्या देवळावरून जाताना बाबांनी महालक्ष्मीला हात जोडले आणि मलाही जोडायला लावले. तळासरीचं मैदान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. किती मोठं ते! चुन्याची रेघ होती, तिच्यापलीकडे माणसं, माणसांपलीकडे भेळेची गाडी, मग शेतं, मग थेट डोंगर. कुठे काही अडतच नव्हतं. वारा सुटला होता. आम्ही सगळ्या चारचौघांत पहिल्यांदा हाफपँटीत उभ्या होतो आणि दर दोन मिनिटांनी ती खाली ओढत होतो. जयूने मात्र मैदानावर पाय ठेवला, मोठ्ठा श्वास घेतला आणि बूट काढून कडेला ठेवले.

सामना सुरू झाल्यावर थोड्या वेळाने उजवीकडे माझ्याकडे बॉल आला. तो मी चांगला अडवला, कोणीतरी "वा!" म्हणालंसुद्धा. समोरून एक उंच मुलगी धावत आली. मी काही ठरवलं नाही, पायांनीच ठरवलं. बॉल तिरका उजवीकडे मारला, मी डावीकडून सुसाट धावले, आणि पुढे जाऊन बॉल घ्यायला वळून उभी राहिले. बॉल आलाच नाही. तो रेघेबाहेर, माणसांच्या पायांतून, भेळेच्या गाडीखालून शेताकडे निघाला होता, आणि मी मैदानात पाय पुढे करून त्याची वाट बघत होते. कोणाला काही कळेना. मग वझे सरांनी कपाळावर हात मारलेला मला दिसला, आणि आमच्याच संघातली एक ओरडली, "शुभा, अगं भिंत नाहीये इथे!" मग जे हसू फुटलं ते मैदानभर गेलं.

एकदा झालं तर माणूस सावरतो. मी दुसऱ्यांदा तेच केलं. उत्तरार्धात, गोल समोर दिसत असताना, अंगावर दोघी आल्या आणि माझे पाय पुन्हा वखारीत गेले. या वेळी प्रेक्षक तयार होते. "भिंत! भिंत!" असा गजर सुरू झाला, पोरं टाळ्यांवर म्हणत होती. बॉल मांडवात, पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली गेला होता. मला इतकी लाज वाटत होती की कोणी आणून द्यायची वाटही बघवेना. मीच धावले. चिखलाने तोंड माखलेलं, केस विस्कटलेले, खुर्च्यांखाली वाकून बॉल ओढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे पॉलिश केलेले बूट होते. वरून साहेबांचा आवाज आला, "राऊतभाई, हे भिंतवाली मुलगी तर मजेची आहे! तुमची कुठली?"

मी बॉल छातीशी धरून उभी राहिले. बाबांच्या आणि माझ्या मध्ये हातभर अंतर असेल. त्यांनी मला पाहिलं, चांगलं पाहिलं. मग त्यांचा हात उचलला गेला आणि माझ्या खांद्यावरून मैदानाकडे वळला. "ती," बाबा म्हणाले. "सात नंबर. अनवाणी आहे ती."

सात नंबर जयू होती. तोवर तिने एक गोल केला होता, नंतर आणखी एक केला. मी काय केलं ते मला आठवत नाही. पळत होते बहुतेक. सामना संपल्यावर साहेब स्वतः मैदानात गेले, जयूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास बेबी! बापाचं नाव काढलंस." जयू साहेबांकडे बघत राहिली, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाबांकडे, मग माझ्याकडे. आणि मान हलवून "हो" म्हणाली. मी नंतर तिला विचारलं, का हो म्हणालीस म्हणून. "तुझ्या बापसाचा तोंड बघला ना मी," ती म्हणाली. "नाय म्हणली असती त रडलाच असता तो." तिची निवड झाली. माझी झाली नाही, हे सांगायला नकोच.

इथे जरा थांबते. आता महामार्गालगत छपराखालचं टर्फ झालं आहे, हिरवंगार, चहूबाजूंनी जाळी, वर दिवे. रविवारी मी तिथे मुलामुलींना शिकवायला जाते. गुडघे कुरकुरतात, तरी जाते. पालक मला विचारतात, "मॅडम, आतमध्ये खेळून पोरं खरंच तयार होतात का?" होतात. पहिला स्पर्श, चपळाई, मान वर ठेवणं, न घाबरता चुकणं, हे सगळं छपराखाली जितकं लवकर येतं तितकं बाहेर येत नाही, आणि आमच्याकडच्या पावसात दुसरा उपायही नाही. पण पाऊस उघडला की मी त्यांना जाळीबाहेर काढते, कोसबाडच्या बाजूला एका माळावर नेते आणि म्हणते, आता खेळा. पहिल्या दिवशी सगळ्यांची फजिती होते. पालकांना वाटतं बाई खडूस आहे. वाटू दे.

त्या दिवशी जीपमधून परत येताना बाबा पुढे बसले होते. त्यांची मान मला मागून दिसत होती आणि ती ताठ होती. घरी आईने विचारलं, "कसं झालं?" बाबा म्हणाले, "मैदान मोठं होतं." बस. ताटात चिकू आला नाही. मी आईला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं काय? मी हरले ते मला सोसवलं असतं. लाज वाटत होती ती वेगळीच, मी त्यांची आहे याची, जणू मीच काहीतरी चोरून त्यांच्या घरात शिरले होते. कॉलनीत कोणी विचारलं की बाबा विषय बदलायचे. माझ्याशी बोलायचे, पण माझ्या कपाळाकडे बघून.

दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी साहेब वलसाडला परतताना दोन गाड्यांच्या मधल्या वेळात अचानक आमच्याकडे आले. हातात खोका. बाबांची धांदल उडाली, आईने फराळाची ताटं भरली. साहेब खुर्चीत बसून म्हणाले, "सात नंबर बेबी कुठे? तिच्यासाठी फुटबॉलचे बूट आणले. अनवाणी किती दिवस खेळणार?" मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. बाबा म्हणाले, "ती... मामाकडे गेली आहे." आई फराळाचं ताट घेऊन जागच्या जागी थांबली. तिने बाबांकडे पाहिलं, मग ताट साहेबांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या ना, चकली घ्या." साहेबांनी चकली मोडली आणि माझ्याकडे वळून प्रेमाने विचारलं, "तू धाकटी? तू पण खेळतेस की नाही?"

मी म्हणाले, "नाही."

"खेळायला पाहिजे. मोठीकडून शीक," साहेब म्हणाले, आणि थोड्या वेळाने गाडीची वेळ झाली म्हणून उठून गेले.

दार लागल्यावर आईने ताटं उचलली. "अभिनंदन," ती म्हणाली. "तुम्हाला दोन मुली झाल्या आणि मला पत्ताच नाही. निदान माझ्या भावाला तरी कळवा, एक त्याच्याकडे राहायला गेली आहे म्हणून." मग तिने मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं, खुर्च्यांखालच्या बॉलपासून. बाबा खोक्याकडे बघत बसले होते. मला वाटलं ते आईवर ओरडतील. ते मला म्हणाले, "तू नाही का म्हणालीस? खेळत नाहीस असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? साहेबांसमोर तुम्हाला खोटं पाडू?" एवढं बोलून मी रडायला लागले.

बाबा उठले. अंगात घरचा गंजीफ्रॉक, त्यावर त्यांनी खुंटीवरचा युनिफॉर्मचा कोट चढवला, खोका काखेत मारला आणि माझं मनगट धरलं. नव्या फ्रॉकमध्ये, तेल लावलेल्या केसांनी मी त्यांच्यामागून अर्धी ओढली जात स्टेशनात पोचले. गाडी लागली होती. साहेब खिडकीत बसलेले. बाबांना धाप लागली होती. "साहेब," ते म्हणाले, "मला एकच मुलगी आहे. ही. भिंतवाली हीच. सात नंबर वेगळी, जयवंती, ती माझी नाही. मला लाज वाटली म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. बूट मी तिला पोचवतो." मी खाली बघत होते. डब्यातली माणसं बघत होती. साहेब हसले. "अरे राऊतभाई, एवढ्यासाठी धावत आलात? ठीक आहे, ठीक आहे. बूट ज्याला बसेल त्याला द्या. आणि ते सोमवारच्या करंड्यांची लेबलं नीट बांधा, गेल्या वेळी सुटली होती." गाडी हलली. इतके दिवस आमच्या घरात जे जड होऊन बसलं होतं, ते साहेबांच्या लेखी लेबलांपेक्षाही हलकं होतं.

मला वाटलं, संपलं, आता घरी जायचं. पण बाबा चहावाल्यापाशी थांबले. "ही माझी मुलगी," ते त्याला म्हणाले, त्याने काही विचारलेलं नसताना. "तळासरीला दोनदा बॉल बाहेर मारला ती हीच." चहावाला माझा जन्म झाल्यापासून मला ओळखत होता. तो गोंधळून म्हणाला, "हो, शुभाताई ना?" बाबा पुढे निघाले. तिकीट खिडकीतल्या मास्तरांना सांगितलं. हमालांना सांगितलं. पुलाखाली झेंडूची फुलं विकणाऱ्या बाईला सांगितलं, तिने मला एक फूल दिलं. ज्यांना त्या सामन्याचा पत्ताही नव्हता त्यांनाही आता कळत होतं की मी काय केलं. "बाबा, पुरे ना," मी हात ओढत म्हणत होते, "बाबा, चला ना घरी," आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "थांब," बाबा म्हणाले. त्यांच्या तळव्याला घाम आला होता, पण हात काही ते सोडत नव्हते. "थांब जरा. पार्सल ऑफिसातले अजून राहिलेत."